सैराट : अखेरचा प्रसंग

नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' (प्रदर्शन : २९ एप्रिल २०१६) या मराठी चित्रपटाचा शेवट. पडद्यावरील निर्घृण मृत्यूची चर्चा निघाली की मराठीत बहुधा याच प्रसंगाचा दाखला दिला जातो. प्रत्यक्ष वार मात्र त्यात एकही दिसत नाही.

प्रसंग : जातीबाहेरच्या प्रेमापायी गाव सोडून पळालेले आर्ची (रिंकू राजगुरू) व परश्या (आकाश ठोसर) हैदराबादेत संसार थाटतात. आर्ची दारात रांगोळी काढत असताना तिचा भाऊ प्रिन्स काही जणांसह आईने पाठविलेल्या भेटवस्तू घेऊन येतो. ती चहा टाकते. माहेरचा राग निवळला, असे प्रेक्षकालाही वाटू लागते. त्यांचा लहानगा मुलगा तेवढ्यात शेजारणीबरोबर बाहेर गेलेला असतो. तो परततो तेव्हा आईबाप रक्तात पडलेले असतात. मूल रडत बाहेर पडते आणि त्याची रक्ताळलेली पावले फरशीवर उमटत जातात.

ध्वनी : प्रसंगाचे खरे बळ येथे आहे, पण समीक्षेने पटकथेलाच अधिक जागा दिली. अजय-अतुल यांच्या संगीताने भरलेल्या १७४ मिनिटांच्या या चित्रपटात शेवटी आवाजच काढून घेतला आहे. मूल रडताना दिसते, ऐकू येत नाही. हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) न्हाणीघरातील खून बर्नार्ड हर्मन यांच्या तंतुवाद्यांनी अंगावर येतो, येथे उलट. कधी हुंदका द्यायचा हे सांगणारे संगीत नसल्याने रडूही घशातच अडकते. याच चित्रपटातील 'झिंगाट' गाण्यावर नाचलेले चित्रपटगृह अवाक होऊन बाहेर पडत असे.

पूर्वसुरी : गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये (१९८०, लेखन विजय तेंडुलकर) जवळपास मूक राहिलेला आदिवासी लहान्या (ओम पुरी) बापाच्या चितेपाशी बहिणीला कुऱ्हाडीने मारतो व नंतर आक्रोश करतो. मंजुळे यांच्याच 'फँड्री'चा शेवट कॅमेऱ्याच्या रोखाने भिरकावलेल्या दगडाने होतो.

मतभेद : हा शेवट जातवास्तवाला भिडतो, असे काही मानतात, तर पळून जाणाऱ्या जोडप्यांना तो धाकच घालतो, असे काहींचे म्हणणे.

रूपांतरे : 'मनसु मल्लिगे' (कन्नड, २०१७), 'धडक' (हिंदी, २०१८). 'धडक'मध्ये नवरा व मूल मारले जातात, नायिका वाचते.