बोर्डाची कॉलेजं आणि घरातली सिंधी

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. छावणी मात्र लोकांच्या तोंडून गेली नाही. विठ्ठलवाडीला उतरून रिक्षा करायची तर आजही आधी कॅम्पचा नंबर सांगावा लागतो.

त्याच वर्षी हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने वांद्र्याला नॅशनल कॉलेज सुरू केलं. मूळ कॉलेज 1922चं, सिंधमधल्या हैदराबादचं. दयाराम गिडुमल यांचा आधार, अ‍ॅनी बेझंट यांची प्रेरणा. फाळणीत सारं तिकडेच राहिलं. बॅरिस्टर होतचंद अडवाणी आणि प्राचार्य के. एम. कुंदनानी यांनी इथे पुन्हा संसार मांडला. बोर्डाचंच चर्चगेटचं के. सी. कॉलेज 1954चं. निर्वासितांची एवढी मोठी वस्ती असलेल्या उल्हासनगरला बोर्डाच्या कॉलेजसाठी मात्र 1965 उजाडावं लागलं. तेव्हा स्थानकासमोर चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी, म्हणजे सगळ्यांचं सीएचएम, उभं राहिलं. अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी पोरांचीही त्यामुळे सोय झाली.

समाजाला उभं करण्याचं काम बोर्डाने चोख केलं. पण पदव्या इंग्रजीतल्या. सिंधी घरात राहिली, तीही लिपीच्या भांडणासकट: 1853 साली ठरलेली 52 अक्षरांची अरबी वळणाची लिपी, की देवनागरी? दोन्हींना मुभा मिळाली आणि नातवंडांना बहुधा एकही आली नाही. देवनागरी सिंधी मराठी माणसाला सहज वाचता येते. अडतं ते ॻ, ॼ, ॾ, ॿ या चार अक्षरांपाशी. खालची रेघ सांगते की आवाज आत ओढून उच्चार करायचा. हे पुस्तकातून जमत नाही, आजीच्या तोंडून ऐकूनच येतं.

या घरातल्या भाषेचा अभ्यास एका सिंधी भाषाशास्त्रज्ञाने फार आधी केला होता. लछमन खुबचंदानी यांचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला 1963चा प्रबंध भारतातल्या सिंधीवर हिंदीचा रंग कसा चढतो यावरच होता. पुढे पुण्यात राहून त्यांनी मांडलं, की आपल्याकडे एकाच माणसाच्या तोंडी कामागणिक वेगळी भाषा असते. जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्याने तिचं मोजमाप करू नये. दुकानात हिंदी, कचेरीत मराठी, चुलीपाशी सिंधी बोलणाऱ्या पिढीबद्दल ते अगदी खरं. तिसऱ्या पिढीत चुलीपाशीही हिंदी आली, तिथे हा दिलासा मला अपुरा वाटतो. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी आठव्या अनुसूचीत गेली, त्यानेही स्वयंपाकघरात फरक पडला नाही.

फाळणीत दहा वर्षांची असलेली माणसं आता नव्वदीला टेकली आहेत. कॉलेजांनी विद्यार्थ्यांना मोबाइल घेऊन त्यांच्या घरी पाठवावं आणि त्यांचं बोलणं टिपून घ्यावं. प्रकल्पाचे गुण द्यावेत, म्हणजे मुलं नक्की जातील.