तारखांचा मेळ

निरनिराळ्या कालगणनांत किंवा लेखनपद्धतींत नोंदलेल्या तारखा एका समान गणनेत आणून त्यांचा पूर्वापर क्रम ठरविण्याची पद्धती. इतिहाससंशोधन, महसूल व न्यायदान यांत तिची गरज पूर्वीपासून आहे. संगणकीय नोंदींतही ती टळलेली नाही.

मराठी दप्तरांत शालिवाहन शक, हिजरी, शुहूर, फसली आणि १६७४ पासून राज्याभिषेक शक अशा अनेक गणना आढळतात. शकवर्ष चैत्रात, तर शुहूर वर्ष सूर्याच्या मृगप्रवेशाबरोबर सुरू होते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षाहून सु. ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे एकच ठराविक अंक मिळवून इसवी सन काढता येत नाही. शकात सामान्यतः ७८ मिळवितात. मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात.

शिवाजी महाराजांची जन्मतिथी हे याचे ठळक उदाहरण होय. वैशाख शुद्ध २, शक १५४९ (१६२७) ही तिथी दीर्घकाळ प्रचलित होती. लो. टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य ३, शक १५५१, शुक्रवार अशी नोंद मिळाली. ७८ मिळविल्यास १६२९ हे चुकीचे वर्ष येते. फाल्गुन असल्याने १६३० हेच बरोबर ठरते. हा दिवस जूलियन गणनेने १९ फेब्रुवारी, तर ग्रेगरियन गणनेने १ मार्च येतो. इंग्रजांचे वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होत असल्याने त्यांच्या कागदांत त्याच दिवशी १६२९ साल चालू होते. पौर्णिमान्त मासगणनेत ती तिथी चैत्र कृष्ण ३ होते. दिवस एक, लेखन चार प्रकारचे. वाराची नोंद मात्र सर्वत्र शुक्रवारच राहत असल्याने मेळ पडताळण्यास ती उपयोगी पडते.

या अडचणीवर भारतीय ज्योतिषात अहर्गण, म्हणजे ठराविक आरंभापासून लोटलेल्या दिवसांची अखंड संख्या, हा उपाय योजलेला आहे. संगणकही सामान्यतः तारीख अशाच संख्येच्या रूपाने साठवितो. परंतु तारीख अक्षरमालेच्या रूपात भरली, तर तुलना डावीकडील पहिल्या अंकापासून होते आणि ०२/०१/२००६ ही तारीख १३/१२/२००५ च्या आधीची ठरते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने व पूर्ण अंकांत लिहिल्यास हा दोष राहत नाही. नोंदीत वेळही असेल, तर ‘१३ तारखेपर्यंत’ या अटीतील १३ तारीख मध्यरात्रीचा प्रारंभक्षण मानली जाऊन त्या दिवसाच्या पुढील सर्व नोंदी गळतात; म्हणून ‘१४ तारखेपूर्वी’ अशी अट घालणे सुरक्षित असते.

अशा तुलनेवर प्रत्यक्ष हक्क कसे अवलंबून असतात, हे चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड आणि गडचिरोलीच्या वनप्रदेशात दिसते. २००६ च्या वनहक्क अधिनियमानुसार वनजमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. अनुसूचित जमातींव्यतिरिक्त इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. ही गणना १३ डिसेंबर १९३० पर्यंत मागे जाते. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे असल्याने ‘२००५-०६’ एवढीच नोंद निर्णायक तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरते. तीत खरीप धानाचा उल्लेख असल्यास ताबा डिसेंबरपूर्वीचा असल्याचे अनुमान करता येते. नुसत्या वर्षावरून ते करता येत नाही. म्हणून नोंदीतील तारीख यंत्रात भरताना मूळ लेखन जसेच्या तसे जपणे आणि ती एका दिवसाची आहे की संपूर्ण वर्षाची, हे वेगळे नमूद करणे आवश्यक ठरते. तसे न केल्यास पात्र दावा केवळ लेखनभेदामुळे मुदतीबाहेर गणला जाण्याचा संभव असतो.