ओहमचे गणित जुळले, तरच गिटारचा सूर

इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरला स्पीकर जोडताना वादक बहुधा त्याचा आकार आणि वॅट पाहतात. मात्र, स्पीकरच्या मागील बाजूस छापलेला ४, ८ किंवा १६ ओहम हा आकडाही तितकाच महत्त्वाचा असतो. तो दुर्लक्षिल्यास महागडा ॲम्प्लिफायर निकामी होऊ शकतो.

हा आकडा म्हणजे स्पीकरचा संरोध, अर्थात इम्पिडन्स. स्वराच्या कंप्रतेनुसार तो बदलत असल्याने छापील आकडा केवळ निर्देशापुरता असतो. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर सुमारे ६ ते ७ ओहम दाखवतो. तो दोष नव्हे.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला काही हजार ओहमचा भार लागतो. तो आणि स्पीकर यांच्यातील दुवा म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याच्या वेढ्यांचे गुणोत्तर २० असेल, तर ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला २०च्या वर्गाच्या पटीत, म्हणजे ३२०० ओहमचा भासतो. म्हणूनच अशा ॲम्प्लिफायरवर ज्या ओहमची खूण असेल, त्याच ओहमचा स्पीकर तेथे जोडावा. स्पीकर न जोडता तो वाजवणे सर्वांत घातक. ऊर्जेला वाट न मिळाल्याने ट्रान्सफॉर्मरमध्ये अतिउच्च दाब निर्माण होऊन तो जळू शकतो.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचे गणित वेगळे आहे. त्यात बहुधा हा ट्रान्सफॉर्मर नसतो. किमान ४ ओहमची मर्यादा असताना ८ ओहमचा स्पीकर जोडल्यास शक्ती साधारण निम्मी मिळते, पण धोका नसतो. २ ओहमचा जोडल्यास मात्र प्रवाह वाढून ट्रान्झिस्टर तापतात.

एकाहून अधिक स्पीकर असल्यास जोडणी महत्त्वाची ठरते. एकसर जोडणीत ओहमची बेरीज होते. समांतर जोडणीत ८ ओहमचे दोन स्पीकर मिळून ४ ओहम होतात. फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकाच्या अखेरच्या 'बासमन' ॲम्प्लिफायरमध्ये ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडून एकूण २ ओहमचा भार ठेवला होता. याउलट १६ ओहमच्या चार स्पीकरच्या दोन एकसर जोड्या समांतर जोडल्या, की एकूण भार पुन्हा १६ ओहमच राहतो.

जुनी पेटी विकत घेताना आतील जोडणी तपासून घ्यावी. स्पीकर बदलण्यापूर्वी ॲम्प्लिफायर बंद करावा आणि गिटारची बारीक वायर न वापरता स्पीकरसाठीची जाड वायरच वापरावी.