फोर्टातला किल्ला

आम्हां लोहेकरांना किल्ला म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. शेजारी कंधारचा भुईकोट आहे. खंदक, बुरूज, तट सारे जागच्या जागी. म्हणूनच दिवाळीच्या सुटीत मुंबईला निघालो तेव्हा धाकटीने नांदेडला गाडीत बसताच विचारून ठेवले, "बाबा, फोर्टमधला किल्ला दाखवणार ना?" मास्तर माणूस मी, नाही कसे म्हणणार!

सकाळी बोरीबंदरला उतरून पायीच निघालो. हुतात्मा चौकात कारंज्यापाशी मी ऐटीत सांगितले, "हा बघ किल्ल्याचा दरवाजा." तिने चहूकडे पाहिले. दरवाजा होता, पण १८६० नंतर तट पाडले तेव्हा तोही गेला आणि १८६४ साली त्याच जागी हे कारंजे आले. त्यातून चर्चकडे जायची वाट, म्हणून तो चर्चगेट. दरवाजा गेला, नाव मात्र रेल्वेच्या स्टेशनाला चिकटून राहिले.

ते चर्च, सेंट थॉमस, अजून उभे आहे. आत गारवा, भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिला, कित्येक ऐन तारुण्यात गेलेल्यांच्या. मुंबई १६६१ साली पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ साली त्याने ती कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकली. गव्हर्नर ऑंजियरच्या काळात या चर्चचा पाया घातला खरा, पण भिंती चाळीसेक वर्षे छपरावाचून उभ्या होत्या. १७१८ च्या नाताळात ते उघडले. आधी वखार, आधी तोफा, मग देव, असा तो क्रम!

तटाला मात्र इतका उशीर झाला नाही. १७१५ साली आलेल्या बून गव्हर्नराने गावाभोवती तो बांधून घेतला. समुद्रावर कान्होजी आंग्र्यांची जरब होती. त्यांच्या विजयदुर्गावर आणि खांदेरीवर इंग्रज चालून गेले आणि हात हलवीत परतले. पुढे १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी खंदकासाठी तीस हजार रुपये वर्गणी दिली. पाठ्यपुस्तकात मराठ्यांचे विजय मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण आपला दरारा केवढा होता हे शत्रूच्या वर्गणीवरून मोजावे, हे कधी सुचले नव्हते.

टाउन हॉलच्या मागे त्यांचा मूळचा कोट, बॉम्बे कॅसल. तिथे आता आपले आरमार आहे, आत जायला परवानगी लागते. त्या नाविक तळाचे नाव १९५१ पासून 'आंग्रे' आहे! ज्याला इंग्रज चाचा म्हणत, त्याच्याच नावाची पाटी त्यांच्या कोटावर. सौभाग्यवती म्हणाल्या, "बरं झालं." धाकटीचे समाधान कुठले! "पण तट कुठं आहे?"

इंग्रजांनी अमेरिकेत १६०७ साली जेम्सटाउन वसवले. तिथला लाकडी कोट नदीने गिळला असे कैक वर्षे मानीत. १९९४ पासून माती उकरली, तेव्हा मेढींच्या खुणा सापडल्या. हे मी चालता चालता सांगत होतो, म्हणजे खरे तर वेळ मारून नेत होतो.

संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर आलो. कुणीतरी म्हणाले, सेंट जॉर्ज रुग्णालयाकडे जा. गेलो, तर काय! १७६९ च्या सुमारास बांधलेल्या फोर्ट जॉर्जचा काळ्या दगडाचा अवशेष तिथेच उभा. सकाळी त्याच्याच पाठीशी उतरून आम्ही दिवसभर सारे फोर्ट पालथे घातले होते. आत राज्याच्या पुरातत्त्व खात्याची कचेरी आहे.

धाकटीने दगडावर हात ठेवला, मान वर करून पाहिले.

"आपल्या कंधारपेक्षा लहानच आहे," ती म्हणाली, आणि गाडी चुकेल म्हणून आम्ही निघालो.