‘लहरी’ हा शिक्का कोणाचा? सायक्लोथायमिया, आष्टी आणि आपली चळवळ

आष्टी तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये काही माणसांची ओळख एकाच शब्दात सांगितली जाते : लहरी. दोन-तीन आठवडे हा माणूस चार तास झोपून चार माणसांचे काम ओढतो, जयंतीची वर्गणी गोळा करतो, कमी पडले तर उसनवारी करून स्वतःचे पैसे घालतो, रात्री दोनपर्यंत बोलत बसतो. मग अचानक घराबाहेर पडत नाही, फोन उचलत नाही, दाढीसुद्धा करत नाही. पुन्हा काही दिवसांनी पहिल्यासारखा. या वागण्याची तीन स्पष्टीकरणे आपल्याकडे तयार असतात. घरचे म्हणतात, स्वभावच तसा. गाव म्हणते, बाहेरचे काहीतरी लागले. आणि चळवळीतले आपण म्हणतो, फुटला, कुणीतरी विकत घेतला.

आमचे म्हणणे असे आहे की यातल्या काही जणांना आजार असतो. त्या आजाराला नाव आहे आणि उपचारही आहेत. ही तिन्ही स्पष्टीकरणे त्यांना उपचारापासून दूर ठेवतात. ती कुठून आली हे समजायचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल.

१८५१ मध्ये जाँ-पिएर फाल्रे या फ्रेंच डॉक्टरने असा आजार मांडला, ज्यात अति उत्साह आणि खोल उदासी एकाआड एक वर्तुळासारखी फिरत राहतात. १८८२ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल काल्बाउम यांनी त्याच्या सौम्य रूपासाठी ‘सायक्लोथायमिया’ हा शब्द वापरला. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ वर्तुळ आणि मनोवृत्ती असा. आजच्या वैद्यकशास्त्राप्रमाणे मोठ्या माणसात असे चढउतार किमान दोन वर्षे, मुलांत आणि किशोरवयात किमान एक वर्ष, निम्म्याहून अधिक काळ दिसले आणि मधला पूर्ण शांत काळ सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त नसला, तर या निदानाचा विचार होतो. चढ उन्मादाइतका तीव्र नसतो, उतारही तीव्र नैराश्याच्या निकषात पूर्ण बसत नाही. म्हणूनच तो आजार न वाटता स्वभाव वाटतो. पण ‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. कर्ज, मोडलेले संसार, सुटलेले शिक्षण, दारू आणि आत्महत्येचे विचार त्यातून येऊ शकतात. काहींचा आजार पुढे बायपोलरकडेही जातो.

त्याच शतकात आपल्याकडे काय चालले होते? ब्रिटिश सरकारने १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, १९१२ मध्ये नवा ल्युनसी अ‍ॅक्ट आणला. दोन्ही कायद्यांत मोकाट फिरणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलिसाने धरायचे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे आणि कोंडायचे. घरात राहून झिजणाऱ्या माणसाला त्यात जागाच नव्हती. याच राजवटीने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. युरोपात आजाराला स्वभावापासून वेगळे काढण्याची धडपड चालू असताना, इथे मात्र अख्ख्या जमातींच्या माथी जन्मजात गुन्हेगार स्वभाव मारला गेला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण आपल्या भागातल्या पारधी वस्तीकडे पोलीस आजही कोणत्या नजरेने बघतात हे आष्टीकरांना सांगायला नको. माणसाचे वागणे त्याच्या रक्तातच असते हा मनुवादी समज आणि गोऱ्या साहेबाचा कायदा, दोघे एकाच जागी येऊन मिळाले.

आष्टी तेव्हा निजामाच्या बीड जिल्ह्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपले, १९६० मध्ये आपण महाराष्ट्रात आलो. महाराष्ट्राला मिळालेली चारही जुनी मनोरुग्णालये, म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, पूर्वीच्या ब्रिटिश मुलखातली. मराठवाड्यात त्यातले एकही नाही. १९७० च्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झाले ही मोठी गोष्ट. पण अंबाजोगाई जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आष्टीचा पेशंट आजही नगरची वाट धरतो. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली तोवर ती वाट फक्त रस्त्याचीच होती. एक दिवसाची मजुरी, गाडीभाडे, डॉक्टरची फी, औषधे असा हिशेब मांडला की देवऋषी स्वस्त पडतो. त्यामुळे अंधश्रद्धेला निव्वळ अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आधी हे अंतर मोजावे. तरीही देवऋषाला माफी नाही. २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणे किंवा बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आता आपल्यातल्याच एका आक्षेपाकडे येऊ. काही मित्र म्हणतात, आजाराचे नाव घेतले की व्यवस्था सुटते. रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर २०१६ मध्ये आणि डॉ. पायल तडवीच्या मृत्यूनंतर २०१९ मध्ये चळवळीने ‘संस्थात्मक हत्या’ हा शब्द ठामपणे वापरला, तो याचसाठी. ही सावधगिरी योग्यच आहे. अपमानाने पेटून उठणे हा आजार नाही, आणि शोक हाही आजार नाही. बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरे गमावली. राजरत्न गेल्यावर ऑगस्ट १९२६ मध्ये बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र बापाच्या दुःखाचे पत्र आहे, त्यात रोग शोधायचा नसतो. पण त्याच बाबासाहेबांनी मधुमेह आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी डॉ. मालवणकरांचे उपचार घेतले. औषध घेतल्याने त्यांचा लढा कमी झाला नाही. व्यवस्थेने केलेली जखम आणि मेंदूशी जोडलेला आजार एकाच माणसात एकत्र असू शकतात. एकासाठी लढा लागतो, दुसऱ्यासाठी डॉक्टर. दोन्ही मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हेच मान्य केले आहे. कलम ३ सांगते की कोणाचीही राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थिती पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. कलम १८ सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देते आणि जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव नको असे स्पष्ट म्हणते. संविधान शिकवणाऱ्या आपल्या शिबिरांत ही दोन कलमे शिकवली गेली पाहिजेत.

उपचार काय आहेत? आधी मानसोपचारतज्ज्ञाकडून नीट तपासणी. थायरॉइडचा बिघाड किंवा नशा यामुळेही असे चढउतार दिसतात, ते तपासावे लागते. मग समुपदेशन आणि गरजेप्रमाणे मनोदशा स्थिर ठेवणारी औषधे. उदासीत गेल्यावर फक्त तेवढेच सांगून नैराश्याची गोळी घेतली तर काहींचा चढ उसळतो, म्हणून डॉक्टरला चढाचेही दिवस सांगायचे. लिथियम चालू असेल तर ठरल्याप्रमाणे रक्ततपासणी हवी. अंगातले पाणी कमी झाले किंवा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. उन्हात कोयता चालवून रात्री अंगदुखीची गोळी घेणाऱ्या ऊसतोड मजुरासाठी ही माहिती जीव वाचवणारी आहे. ती डॉक्टरला विचारून घ्या, पण औषध मनाने बंद करू नका.

घरी करायची गोष्ट साधी आहे. एका वहीत रोज तीन नोंदी : किती तास झोप झाली, मन किती वर किंवा खाली होते, पैसे किती खर्च झाले. झोप हा या आजाराचा कणा. झोप कमी होऊनही थकवा येत नसेल तर तो चढाचा इशारा समजावा. टोळीत पहाटेची तोड आणि रात्री गाडी भरणे यात झोपेची वाट लागते, म्हणून कारखान्यावर जाण्याआधी महिन्यांची औषधे, डॉक्टरचा फोन आणि टोळीतला एक भरवशाचा माणूस ठरवून ठेवावा. चढाच्या दिवसांत उचल, कर्ज, जमीन, सोयरीक असा मोठा निर्णय घरच्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मरणाचे विचार आले तर थांबू नये. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी, मोफत, चोवीस तासांचा क्रमांक आहे.

शेवटी चळवळीबद्दल. १ जानेवारी, १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. आपले कॅलेंडर जागरणांचे आहे. जो झोपत नाही त्याला आपण ‘खरा कार्यकर्ता’ म्हणतो, स्टेजवर बोलावतो. तोच उतारात गेला की व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याची निष्ठा तपासतो. उत्साही असलेला प्रत्येक जण आजारी नसतो, आणि गप्प बसलेला प्रत्येक जण आजारी असतो असेही नाही. निदान करणे आपले काम नाही. आपले काम वेगळे आहे. प्रत्येक शाखेने ठरवावे की कोणी महिनाभर दिसला नाही तर दोघे जण त्याच्या घरी जातील, हिशेब मागायला नाही, चहा प्यायला. कार्यक्रमाच्या कामात रात्रीच्या पाळ्या लावल्या जातील. नगरला किंवा बीडला दाखवायला जाणाऱ्याचे गाडीभाडे वर्गणीतून दिले जाईल. आणि आष्टीच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी यावा, औषधे तिथेच मिळावीत, हे निवेदन तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल.

जन्मावरून स्वभाव ठरत नाही हे आपण जगाला ठणकावून सांगितले. मग आपल्याच माणसाला ‘लहरी’ म्हणून सोडून कसे द्यायचे?

जय भीम!