पेटवण्यापूर्वी पाण्याची परीक्षा
बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली व १९११ मध्ये लातूरला पोचली. देवणीकडील जुन्या माणसांना ही ७६२ मिलिमीटर गेजची गाडी आठवत असेल. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. वाफेची इंजिने गेली, तरी त्यांची रचना हाताने घडवलेल्या, खरोखर धावणाऱ्या प्रतिकृतींत पाहता येते.

मात्र जुनी प्रतिकृती हाती येताच पेटवू नये. दहापट लहान इंजिनात पाणी हजारपट कमी मावते. वाफेचा दाब त्या प्रमाणात घटत नाही. म्हणून जाणकार आधी बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून नेहमीच्या दीडपट ते दुप्पट दाब देतात. पाणी जवळजवळ आकुंचन पावत नाही. त्यामुळे सांधा सुटला तर नुसती गळती होते. वाफ असती तर स्फोट झाला असता. गळका सांधा पुन्हा जोडता येतो; फुटलेल्या बॉयलरबरोबर कारागिराच्या हाताची खूणही जाते.