अर्जाकडून प्रश्नाकडे

“लोकसभेत एका प्रश्नाला उत्तर देताना पंतप्रधान म्हणाले...” आकाशवाणीच्या बातम्यांतील हे वाक्य ऐकत आमची पिढी लहानाची मोठी झाली. सायंकाळी जपमाळेची प्रार्थना आटोपली, की घरातील वडीलधारी माणसे रेडिओभोवती बसत. उत्तर काय दिले, याकडे सर्वांचे कान असत. प्रश्न कोणी विचारला, आणि देशाच्या सर्वोच्च सत्ताधाऱ्याला उठून उत्तर देणे का भाग पडले, याचा विचार मात्र आम्ही कधी केला नाही. तो आज करावासा वाटतो. कारण त्या साध्या वाक्यामागे मोठा इतिहास आहे, आणि वसईच्या भूमीलाही त्याचा स्पर्श झालेला आहे.

आपल्या वसईने अनेक राजवटी पाहिल्या. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि पेशव्यांचा अंमल सुरू झाला. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह वसईच्याच नावाने प्रसिद्ध आहे. पुढे काही वर्षांत इंग्रजी राज्य आले. किल्ल्यातील कप्तान गेला, सरसुभेदार आला. तोही गेला आणि ठाण्याचे कलेक्टरसाहेब आले. या सर्व बदलांत एक गोष्ट मात्र बदलली नाही. रयतेने गाऱ्हाणे मांडायचे ते अर्जाने. अर्जदार हात जोडून उभा राही. त्याचा अर्ज मंजूर होई, नामंजूर होई किंवा दप्तरात तसाच पडून राही. ‘असे का झाले?’ हा सवाल करण्याचा अधिकार त्याला नव्हता. अर्ज ही याचना असते. प्रश्न हा हक्क असतो. या दोहोंमधील अंतर कापायला आपल्या देशाला दीर्घ काळ लागला.

१८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कायदेमंडळांत सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली, पण मोठी काटछाट करून. प्रश्न विचारता येई. उत्तर अपुरे वाटल्यास त्यावर दुसरा प्रश्न विचारता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी पूरक प्रश्नाची मुभा दिली, तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्यालाच. १९१९ च्या सुधारणांनंतर ती सर्व सभासदांना मिळाली. वाचकांना हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु प्रश्नाचे खरे बळ पूरक प्रश्नातच असते. पहिले उत्तर कचेरीत बसून लिहिलेले असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला उभ्या उभ्या द्यावे लागते, आणि त्याला विषय कितपत ठाऊक आहे, हे तेथे उघड होते.

तरीही एक उणीव होती. उत्तर देणारे सरकार सभागृहाला जबाबदार नव्हते. ही उणीव आपल्या मुंबई इलाख्यात प्रथम भरून निघाली, ती १९३७ साली. प्रांतिक स्वायत्ततेच्या कायद्यानुसार निवडणुका झाल्या आणि बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. प्रांताच्या सरकारप्रमुखाला त्या काळी ‘पंतप्रधान’ असेच म्हणत. विधानसभेच्या सभापतिपदी गणेश वासुदेव मावळंकर होते. ठाणे जिल्ह्याने निवडून दिलेल्या प्रतिनिधींना सरकारच्या प्रमुखाला समोरासमोर जाब विचारता येऊ लागला. मताचा अधिकार अजून सर्वांना नव्हता, आणि १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पण वाट पडली होती. हेच मावळंकर १९५२ साली पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. समोर पंडित नेहरूंसारखा लोकप्रिय पंतप्रधान आणि त्यांच्या पक्षाचे प्रचंड बहुमत असतानाही, सभागृहाचा मान हा सरकारच्या सोयीहून मोठा आहे, हे त्यांनी सांभाळले.

नेहरूंकडे परराष्ट्र खातेही अखेरपर्यंत होते. त्यामुळे त्या खात्याच्या प्रश्नांना पंतप्रधानच उत्तरे देत. त्या उत्तरांतील आपल्या समाजाच्या सर्वांत निकटचा विषय गोव्याचा. १९५० पासून भारत पोर्तुगालशी वाटाघाटी करू पाहत होता आणि पोर्तुगाल दाद देत नव्हता. १९५४ मध्ये आपल्या शेजारचे दादरा व नगर हवेली मुक्त झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज गोळीबारात वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. सरकार काय करणार, लष्कर का पाठवीत नाही, हे प्रश्न संसदेत पुनःपुन्हा उठले.

त्या वेळी आपल्या घरांत ही उत्तरे कशी ऐकली गेली असतील, याची कल्पना आपण करू शकतो. ज्यांची आडनावे परेरा, लोपीस, डिसोझा, त्यांच्या मनात एक शंका डोकावणे स्वाभाविक होते. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार गोव्याकडे ख्रिस्ती संस्कृतीचे ठाणे म्हणून बोट दाखवीत होते. तो दावा भारतात मान्य झाला असता, तर प्रत्येक भारतीय कॅथलिकाच्या निष्ठेवर प्रश्नचिन्ह उमटले असते. अशा काळात, १९५५ च्या जुलैत, नेहरूंनी रोम येथे पोप बारावे पायस यांची भेट घेतली, आणि गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे, असे पत्रकारांना सांगितले. संसदेतही त्यांची भूमिका हीच राहिली: हा लढा वसाहतवादाशी आहे, कोणत्याही धर्माशी नाही, गोमंतकीयांचा धर्म, भाषा व चालीरीती यांना धक्का लागणार नाही. गोमंतक मुक्तीच्या चळवळीत पीटर आल्वारिस यांच्यासारखे कॅथलिक नेतेच अग्रभागी होते, ही वस्तुस्थिती या भूमिकेला पुष्टी देणारी होती.

पंतप्रधानांनी हे खाजगी पत्रात लिहिले असते, तर ते विस्मरणात गेले असते. सभागृहात उच्चारलेला शब्द छापला जातो, आणि पुढे कोणालाही तो काढून दाखविता येतो. १९५७ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेलेले बॅ. नाथ पै यांनी हे बळ पुरते ओळखले होते. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या या खासदाराला गोवा म्हणजे जणू शेजारचे आंगण. त्यांनी गोव्याबाबत सरकारला स्वस्थ बसू दिले नाही, आणि तरीही नेहरूंशी असलेला स्नेह तुटू दिला नाही. अखेर १९६१ च्या डिसेंबरमध्ये भारतीय सैन्य गोव्यात गेले. शांततेच्या धोरणाची वर्षानुवर्षे दिलेली ग्वाही आणि ही लष्करी कारवाई यांतील विसंगतीवर जगात टीका झाली. ती टीका करणाऱ्यांच्या हाती नेहरूंचीच भाषणे होती. नोंद दोन्ही बाजूंनी बोलते. धर्म व चालीरीतींविषयीची ग्वाही मात्र पाळली गेली, आणि गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व राखण्याच्या वादात, १९६७ च्या जनमत कौलाच्या काळात, तिचाच आधार घेतला गेला.

प्रश्न सरकारला नेहमीच सोयीचे नसतात. १९५९ च्या ऑगस्टमध्ये चीनच्या सरहद्दीविषयी प्रश्नांची सरबत्ती झाली, तेव्हा चीनने अक्साई चीनमधून रस्ता बांधल्याचे नेहरूंना संसदेत सांगावे लागले, आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही देशांतील पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका देशापुढे ठेवावी लागली. म्हणूनच संकट आले, की प्रथम प्रश्नांवर गदा येते. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही. १९७५ च्या आणीबाणीत तो बंद ठेवण्यात आला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये, कोविडच्या साथीत भरलेल्या अधिवेशनातही तो वगळण्यात आला; लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. कारणे निरनिराळी होती आणि काही समजण्याजोगीही होती. परंतु ज्या दिवसांत लोकांच्या मनात सर्वाधिक प्रश्न होते, त्याच दिवसांत ते तोंडी विचारता आले नाहीत, हे खरे.

आता आपल्या दाराशी येऊ. अणुऊर्जा खाते १९५४ मध्ये स्थापन झाल्यापासून पंतप्रधानांच्या अखत्यारीत आहे, आणि देशातील पहिले अणुवीज केंद्र आपल्या आजच्या पालघर जिल्ह्यात, तारापूर येथे, १९६९ मध्ये सुरू झाले. त्याचे इंधन अमेरिकेतून येई. १९७४ मध्ये पोखरण येथे अणुस्फोट झाला, आणि १९७८ च्या अमेरिकन कायद्याने इंधनाचा पुरवठा अडचणीत आला. अमेरिका सर्वच अणुकेंद्रांची तपासणी मागत होती. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ती अट मानली नाही. संसदेत तारापूरचे नाव वारंवार घेतले गेले. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन मिळण्याचा मार्ग निघाला. किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावाचे नाव दिल्ली, वॉशिंग्टन आणि पॅरिसपर्यंत पोहोचले.

पण तारापूरचा आणखी एक प्रश्न होता. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. नवे घर कसे, रोजगार कोणता, समुद्रावरचे पोट कसे भरायचे, हे त्यांचे प्रश्न होते. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. युरेनियमचा प्रश्न विचारायला सभागृहात अनेक जण पुढे येतात. अक्करपट्टीच्या कोळ्याचा प्रश्न विचारायला त्याचा स्वतःचा प्रतिनिधीच लागतो. राष्ट्रीय धोरण म्हणतात ते शेवटी कोणाच्या तरी वाडीवर, विहिरीवर आणि उंबरठ्यावर येऊन थांबते. आज वाढवण बंदर आणि वसई तालुक्यातून जाणारी बुलेट ट्रेन यांच्या बाबतीत हेच पुन्हा घडत आहे.

प्रश्न विचारण्याची रीत समजून घेणे अवघड नाही. खासदाराने किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यायची. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या वीस प्रश्नांना लोकसभेत दररोज तारांकित मान मिळतो. त्यांची उत्तरे तोंडी दिली जातात आणि त्यांवर पूरक प्रश्न विचारता येतात. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळते. ब्रिटनमध्ये दर बुधवारी खुद्द पंतप्रधानांसाठी अर्धा तास राखून ठेवलेला असतो. आपल्याकडे तशी वेगळी वेळ नाही, आणि पंतप्रधानांकडील खात्यांची उत्तरे बहुधा राज्यमंत्रीच देतात. मंत्र्याने सभागृहात ‘करतो’ म्हटलेले काम झाले की नाही, हे पाहण्यासाठी लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून आहे. राज्यातही तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी सूचना आहेत. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि गावे वगळण्याचे आंदोलन पेटले, तेव्हा आपला विषय रस्त्यावरून विधानसभेत आणि न्यायालयात गेला, हे आपण पाहिलेलेच आहे.

२००८ च्या पुनर्रचनेपर्यंत वसई उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात होती. २००९ पासून ती पालघर मतदारसंघात आहे. मतदारसंघ बदलला, खासदार बदलले. प्रश्न विचारण्याचा हक्क तोच आहे. पण खासदारापर्यंत प्रश्न पोहोचवायचा कोणी? येथे आपली जुनी सवय आडवी येते. आपण अजूनही अर्ज घेऊन जातो. दाखला, नळजोडणी, शिफारस मागतो, आणि ती मिळाली की समाधानाने परततो. ही कामे व्हायला हवीत. पण त्यांसाठी कोणाला संसदेत पाठविण्याची गरज नाही.

पुढील निवडणुकीत उमेदवार चर्चच्या आवाराबाहेर हात जोडून उभे राहतील, तेव्हा आपण त्यांना शांतपणे विचारावे: गेल्या पाच वर्षांत आपण आमच्या भागाविषयी सभागृहात कोणते प्रश्न मांडले? त्यांना काय उत्तर मिळाले? उत्तर अपुरे होते, तेव्हा पूरक प्रश्न कोणता विचारला? ही सारी नोंद छापील आहे आणि कोणालाही पाहता येते. ती पाहून गेलो, तर त्या दिवशी हात जोडलेला माणूस आपण नसू.